इंग्लंडच्या ग्रामीण भागातील हरणांची पायी पारध : मार्गदर्शकाची भूमिका आणि वन्यजीव व्यवस्थापनाचा प्रश्न

सारांश

प्रौढ हरणाची शिकार करणारा एकही मोठा वन्य प्राणी इंग्लंडमध्ये आज उरलेला नाही. परिणामी हरणांच्या संख्येवर नियंत्रण ठेवण्याची जबाबदारी माणसाकडे आली आहे. या जबाबदारीचा एक भाग मार्गदर्शकासोबत पायी केल्या जाणाऱ्या सशुल्क पारधीतून पार पाडला जातो. प्रस्तुत लेखात या पारधीची ऐतिहासिक पार्श्वभूमी, कायद्याची चौकट व प्रत्यक्ष पद्धती स्पष्ट केली असून, शिंगांसाठी पैसे मोजणारा पाहुणा आणि माद्यांची संख्या कमी होण्याची वनाला असलेली गरज यांतील विसंगतीची चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : हरिण, पायी पारध, मार्गदर्शक, वनसंवर्धन, मादी-नियंत्रण.

प्रस्तावना

वन वाचविण्यासाठी हरिण मारावे लागते, हे विधान भारतीय वाचकास सहज पटणारे नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर भारतात शिकार हा गुन्हा ठरला. चितळ, सांबर व भेकर यांच्या संख्येला आळा घालण्याचे काम, जेथे वने टिकून आहेत तेथे, वाघ, बिबट्या व रानकुत्रे करीत असतात. इंग्लंडमध्ये मात्र लिंक्स हे रानमांजर आणि लांडगा हे दोन्ही शिकारी प्राणी मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत नामशेष झाले. कोल्हा रो हरणाचे नवजात पाडस उचलतो. परंतु प्रौढ हरणास त्याच्यापासून भय नाही. संपूर्ण ब्रिटनमधील हरणांची संख्या सुमारे वीस लाख असावी, असा अंदाज नेहमी दिला जातो. वनात दडून राहणाऱ्या या प्राण्यांची अचूक गणना शक्य नसल्याने हा आकडा अंदाज म्हणूनच स्वीकारावा लागतो. मात्र वनांवर पडलेला ताण डोळ्यांनी दिसण्याजोगा आहे.

या परिस्थितीत हरिण मारावे की नाही, हा तेथील मुख्य वादविषय नाही. कोणते हरिण मारावे, केव्हा मारावे, कोणी मारावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हे खरे प्रश्न आहेत. मार्गदर्शकासोबतच्या पायी पारधीचा विचार याच प्रश्नांच्या संदर्भात करावयाचा आहे.

१. संज्ञेचा अर्थ

मराठीत ‘शिकार’ या एका शब्दात ज्या क्रिया सामावतात, त्यांसाठी इंग्लंडमध्ये वेगवेगळे शब्द रूढ आहेत. तेथे ‘हंटिंग’ म्हणजे कुत्र्यांच्या झुंडीसह, बहुधा घोड्यावरून केलेला पाठलाग. ‘शूटिंग’ हा शब्द प्रामुख्याने पक्ष्यांच्या शिकारीसाठी वापरला जातो. ‘स्टॉकिंग’ म्हणजे एकट्या-दुकट्याने पायी, आवाज न करता हरणाच्या जवळ जाऊन रायफलच्या एका गोळीने त्यास मारणे. २००४ च्या हंटिंग अॅक्टने कुत्र्यांच्या झुंडीने केल्या जाणाऱ्या शिकारीस इंग्लंड व वेल्समध्ये बंदी घातली. ती फेब्रुवारी २००५ पासून अमलात आली. स्टॉकिंग या बंदीच्या कक्षेत येत नाही. मराठीतील ‘पारध’ हा शब्द माग काढण्याच्या क्रियेशी निगडित असल्याने प्रस्तुत लेखात स्टॉकिंगसाठी ‘पायी पारध’ ही संज्ञा वापरली आहे.

मार्गदर्शक, ज्यास तेथे ‘स्टॉकर’ म्हणतात, हा सामान्यतः एखाद्या जमीनदारीचा नोकर असतो किंवा त्या जमिनीवरील पारधीचा हक्क भाड्याने घेतलेला व्यावसायिक असतो. पाहुणा शुल्क देऊन त्याच्यासोबत जातो. गोळी पाहुणा झाडतो. परंतु ती झाडावयाची की नाही, हा निर्णय मार्गदर्शकाचा असतो.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये हरिण हा दीर्घकाळ सत्तेचा विषय होता. नॉर्मन विजयानंतर पहिल्या विल्यमने १०७९ च्या सुमारास ‘न्यू फॉरेस्ट’ हे राजवन स्थापन केले. त्या काळी ‘फॉरेस्ट’ या शब्दाचा अर्थ झाडांचे जंगल असा नव्हता. राजाच्या शिकारीसाठी राखलेला व स्वतंत्र कायद्याखाली असलेला प्रदेश, असा त्याचा अर्थ होता. या वनकायद्यातील शिक्षा अत्यंत कठोर होत्या. १२१७ च्या ‘चार्टर ऑफ द फॉरेस्ट’ या सनदेने हरिण मारल्याबद्दल कोणाचाही जीव वा अवयव घेतला जाणार नाही, अशी हमी दिली. तथापि १७२३ च्या ‘ब्लॅक अॅक्ट’ने चेहरा काळा करून वा वेषांतर करून हरणे चोरणाऱ्यांसाठी पुन्हा फाशीची तरतूद केली. या कायद्यामागील वर्गसंघर्षाचे विवेचन इतिहासकार ई. पी. थॉम्सन यांनी ‘व्हिग्ज अँड हंटर्स’ या १९७५ च्या ग्रंथात केले आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चित्र पालटले. राजवैभवाचे प्रतीक असलेले हरिण शेतकऱ्याच्या व वनाधिकाऱ्याच्या दृष्टीने उपद्रवी प्राणी ठरले. विशेषतः रो हरणांना हाकारे घालून छऱ्यांच्या बंदुकीने मारले जाई. छऱ्यांनी जखमी झालेली अनेक हरणे पुढे हाल होऊन मरत. या क्रौर्याविरुद्ध जनमत तयार झाले. १९६३ मध्ये इंग्लंड व वेल्ससाठी डिअर अॅक्ट संमत होऊन हरणांसाठी शिकारबंदीचे काळ ठरविण्यात आले. त्याच वर्षी ब्रिटिश डिअर सोसायटीची स्थापना झाली. रायफल घेऊन एकेका हरणाची निवड करीत केलेली पायी पारध ही इंग्लंडच्या सखल वनप्रदेशात मुख्यतः या बदलाची देणगी होय. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ती एकोणिसाव्या शतकापासूनच उमरावांचा छंद म्हणून प्रतिष्ठा पावली होती.

३. हरणांच्या जाती आणि वनांवरील परिणाम

प्राणिशास्त्रीय दृष्ट्या येथे ज्यांचा विचार होतो ते सारंग कुळातील प्राणी आहेत. म्हणजेच सांबर व चितळ यांचे आप्त, काळविटाचे नव्हेत. ब्रिटनमध्ये त्यांच्या सहा जाती मुक्त अवस्थेत आढळतात. तांबडे हरिण आणि रो हरिण या दोनच जाती मूळच्या तेथील आहेत. फॅलो हरिण नॉर्मन काळात आणले गेले. सिका हरिण १८६० मध्ये पूर्व आशियातून आले. चीनमधील मुंटजॅक व चिनी पाणहरिण या जाती बेडफर्डशायरमधील वोबर्न येथील उद्यानातून व अन्य ठिकाणांहून विसाव्या शतकात मोकळ्या झाल्या. मुंटजॅक हा सह्याद्रीत आढळणाऱ्या भेकराचा जवळचा नातलग असून त्याची खांद्यापाशी उंची जेमतेम अर्धा मीटर असते.

रो हरिणदेखील अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडच्या बहुतांश भागांतून नाहीसे झाले होते. १८०० च्या सुमारास डॉर्सेटमधील मिल्टन अॅबस येथे आणि १८८४ च्या सुमारास थेटफर्ड परिसरात ते पुन्हा सोडण्यात आले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या वन आयोगाने मोठ्या प्रमाणावर केलेल्या लागवडीमुळे हरणांना आडोसा मिळाला, तर हिवाळी पिकांमुळे ऐन थंडीत अन्न मिळू लागले. शिकारी प्राण्यांचा अभाव, आडोसा आणि अन्न या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याने त्यांची संख्या व प्रसार वाढत गेला.

हरणांची संख्या मर्यादेबाहेर गेली की वनाचा खालचा थर नाहीसा होऊ लागतो. हरणाचे तोंड पोहोचेल त्या उंचीपर्यंतची पाने, कोवळी रोपटी व झुडपे खाल्ली जातात. वरचे वृक्ष उभे असतात; पण त्यांच्या जागी येणारी पुढची पिढी उगवत नाही. वन बाहेरून हिरवे दिसते आणि आतून म्हातारे होत जाते. सफोकमधील ब्रॅडफिल्ड वुड्स या वनात कुंपण घातलेल्या व न घातलेल्या भूखंडांची तुलना करण्यात आली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नाइटिंगेल पक्षी हरणांपासून सुरक्षित ठेवलेल्या दाट झुडपांना स्पष्टपणे अधिक पसंती देतात, असे आढळले. केंब्रिजशायरमधील मंक्स वुड येथे मुंटजॅकमुळे ब्लूबेलसारख्या वनफुलांचा ऱ्हास झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे हरिण वाचते तेव्हा त्याची किंमत पक्षी, फुले व रोपटी मोजीत असतात.

४. कायद्याची चौकट

इंग्लंडमध्ये मुक्त हरिण जिवंतपणी कोणाच्याही मालकीचे नसते. मात्र ते मारण्याचा हक्क जमिनीशी जोडलेला असतो. १९९१ च्या डिअर अॅक्टने पूर्वीचे कायदे एकत्र आणले. त्यानुसार सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयापूर्वी एक तासापर्यंत, विशेष परवान्याशिवाय, हरिण मारता येत नाही. इंग्लंड व वेल्ससाठी रायफलचा किमान व्यास ०.२४० इंच आणि गोळीची नळीपाशी किमान ऊर्जा १,७०० फूट-पौंड निश्चित केली आहे. मुंटजॅक व चिनी पाणहरिण यांच्यासाठी २००७ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ०.२२० इंच व १,००० फूट-पौंड अशी शिथिल केली. या अटींमागील हेतू एकच आहे : हरिण जखमी होऊन पळू नये, जागीच मरावे.

या कायद्याने व २००७ च्या दुरुस्तीने जातीनुसार व लिंगानुसार हंगाम ठरविले आहेत. तांबडे, फॅलो व सिका जातींच्या नरांसाठी १ ऑगस्ट ते ३० एप्रिल, रो नरासाठी १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर आणि या चारही जातींच्या माद्यांसाठी १ नोव्हेंबर ते ३१ मार्च असा हंगाम आहे. मादीला उन्हाळ्यात मारल्यास दुधावरचे पाडस उपासमारीने मरेल. नोव्हेंबरपर्यंत ते स्वतंत्रपणे जगण्याजोगे होते. बंदीच्या काळाचा आधार असा करुणेचा आहे.

मुंटजॅकला मात्र बंदीचा काळ नाही, कारण त्याला विणीचा ठरावीक हंगामच नाही. सुमारे सात महिन्यांच्या गर्भकाळानंतर मादी विते आणि काही दिवसांतच पुन्हा गाभण राहते. त्यामुळे वर्षातील कोणत्याही दिवशी तिच्यामागे दुधावरचे पाडस असू शकते. यावर उपाय म्हणून उघडपणे गाभण दिसणारी अथवा अद्याप न व्यालेली मादीच निवडावी, असा संकेत रूढ आहे. पहिले पाडस तोपर्यंत दुधावाचून जगू शकते, हा त्यामागील तर्क होय. ऐकताना निष्ठुर वाटणारा हा नियम अनाथ पाडसांचे मरण टाळण्यासाठी आहे.

रायफल बाळगण्यासाठी पोलिसांचा परवाना आवश्यक असतो. परवाना नसलेल्या पाहुण्यास, कायद्याने घातलेल्या अटींच्या अधीन राहून, परवानाधारकाची रायफल त्याच्या उपस्थितीत त्या जमिनीवर वापरण्याची मुभा आहे. मार्गदर्शकाचे स्थान अशा प्रकारे कायद्यानेही महत्त्वाचे ठरते.

५. पारधीची प्रत्यक्ष पद्धती

पारधीला निघण्यापूर्वी मार्गदर्शक पाहुण्यास कागदी लक्ष्यावर काही गोळ्या झाडावयास लावतो. रायफल अचूक आहे की नाही यापेक्षा पाहुण्याचा हात स्थिर आहे की नाही, हे त्यातून कळते. ज्याची गोळी लक्ष्यावर एका ठिकाणी पडत नाही, त्यास जिवंत प्राण्यावर गोळी झाडू न देणे हे मार्गदर्शकाचे पहिले कर्तव्य मानले जाते.

हरणे पहाटे व तिन्हीसांजेस चरावयास बाहेर पडतात. म्हणून पारधीची वेळही तीच असते. वाटचालीची दिशा वारा ठरवितो. हरणाचे घ्राणेंद्रिय इतके तीक्ष्ण असते की माणसाचा वास वाऱ्यावरून पोहोचताच ते नाहीसे होते. म्हणून वारा तोंडावर घेऊन, वनाच्या कडेकडेने, काही पावले चालावयाचे व थांबून दुर्बिणीने पाहावयाचे, असा क्रम असतो. पूर्ण हरिण क्वचितच दिसते. पानांतून हलणारा कान, पाठीची आडवी रेषा, पायाचा एखादा भाग यांवरून ते ओळखावे लागते. खुरांचे ठसे, लेंड्या, शिंगे घासल्याने सोललेली साल आणि गवतातील बसण्याच्या जागा यांचे वाचन मार्गदर्शक दीर्घ परिचयातून करीत असतो.

हरिण दिसल्यानंतर निर्णयांची मालिका सुरू होते. जात कोणती, नर की मादी, वय किती, सोबत पाडस आहे काय, ते आडवे उभे आहे काय, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरही एक प्रश्न उरतो : हरणाच्या मागे काय आहे? रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते आणि इंग्लंडचा ग्रामीण प्रदेश सार्वजनिक पायवाटांनी विणलेला आहे. गोळी हरणाच्या शरीरातून पार झाली किंवा चुकली तरी ती मऊ मातीच्या उतारातच रुतली पाहिजे. क्षितिजावर उभ्या असलेल्या हरणावर कधीही गोळी झाडावयाची नाही, हा नियम निरपवाद आहे. सपाट प्रदेशात मचाणाचा वापर होतो, तोही याच कारणाने. उंचावरून झाडलेली गोळी जमिनीत जाते.

पाहुणा तिकाटण्यावर रायफल टेकवून, सामान्यतः शंभर मीटरच्या आसपासच्या अंतरावरून, हृदय व फुप्फुसे यांच्या भागावर नेम धरतो. गोळी लागल्यावर लगेच धावत जावयाचे नसते. हरिण पडले नसेल तर काही काळ थांबून, गोळी लागलेल्या जागेवरील रक्त व केस तपासून माग काढला जातो. त्यासाठी शिकविलेले कुत्रे वापरले जाते. फेसाळ तांबडे रक्त फुप्फुसातील जखम सुचविते, तर हिरवट द्रव पोटातील जखम दर्शवितो आणि तेव्हा अधिक काळ थांबावे लागते. जखमी हरिण सोडून परत न येणे ही या व्यवसायातील प्रतिष्ठेची बाब आहे.

त्यानंतर आतडी काढून लसिकाग्रंथी व अंतर्गत अवयवांची तपासणी केली जाते, कारण क्षयासारख्या रोगांची लक्षणे तेथेच दिसतात. प्रशिक्षित व्यक्तीने तपासलेले शरीर थंड कोठीत टांगून पुढे मांसविक्रेत्याकडे जाते. मारलेले हरिण अन्न म्हणून वापरले जाणे हा या पद्धतीच्या समर्थनाचा एक महत्त्वाचा आधार आहे.

६. शिंगे की माद्या?

या पद्धतीतील खरी अडचण अर्थव्यवहारात आहे. पाहुणा बाहेर पडण्याचे शुल्क देतो. शिवाय नर मारल्यास त्याच्या शिंगांच्या प्रतीनुसार वेगळी रक्कम देतो. शिंगांचे मोजमाप आंतरराष्ट्रीय पद्धतीने करून त्यांना कांस्य, रौप्य व सुवर्ण अशा श्रेणी दिल्या जातात. इंग्लंडच्या दक्षिणेकडील परगण्यांतील रो नरांची शिंगे उत्तम मानली जात असल्याने युरोपातील अन्य देशांतूनही पाहुणे येतात. वसंतातील व उन्हाळ्यातील पहाट प्रसन्न असते. माद्यांचा हंगाम मात्र थंडी, चिखल व अपुऱ्या उजेडाचा असतो आणि मादीला शिंगे नसतात. पाहुण्यांची मागणी त्यामुळे नरांकडे झुकते.

वनाची गरज याच्या विरुद्ध आहे. उदाहरणादाखल, एखाद्या वनात फॅलो हरणांच्या ५० माद्या व ५० नर आहेत, असे मानू. एक नर अनेक माद्यांशी संग करतो. त्यामुळे २५ नर मारले तरी पुढील वर्षीच्या पाडसांची संख्या जवळजवळ तेवढीच राहील. २५ माद्या मारल्यास ती निम्म्यावर येईल. नरांवर भर देणारी पारध कितीही कौशल्याने केली तरी ती संख्यानियंत्रण करीत नाही. रो हरणाच्या बाबतीत तर प्रौढ नर आपला प्रदेश राखून असतो. तो मारला गेल्यास त्या जागेसाठी अनेक तरुण नर येतात व शिंगे घासून कोवळ्या झाडांचे अधिक नुकसान करतात, असा अनुभव आहे.

आवश्यक नियंत्रणाचे प्रमाणही लहान नाही. थेटफर्ड परिसरातील रो व मुंटजॅक हरणांच्या अभ्यासावरून ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, वाढ रोखावयाची असेल तर दरवर्षी ५० ते ६० टक्के हरणे कमी करावी लागतील. शिवाय फॅलोंचे कळप जमिनीच्या सीमा मानत नाहीत. एका मालकाने माद्या मारल्या आणि शेजाऱ्याने केवळ पाहुण्यांसाठी कळप राखला, तर पहिल्याचे श्रम वाया जातात. म्हणूनच अनेक ठिकाणी शेजारी जमीनमालकांचे संयुक्त व्यवस्थापन गट स्थापन झाले आहेत.

तथापि, पाहुण्यांची पारध निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मांसविक्रीतून मिळणारे उत्पन्न अनिश्चित असते. २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत उपाहारगृहे बंद पडताच हरणाच्या मांसाची मागणी कोसळली आणि अनेक ठिकाणी पारध मंदावली. अशा वेळी पाहुण्यांनी नरांसाठी दिलेल्या शुल्कातून मार्गदर्शकाचे वेतन निघते आणि तोच मार्गदर्शक हिवाळ्यात माद्यांचे कष्टाचे काम करू शकतो. म्हणजे उन्हाळ्यातील छंद हिवाळ्यातील कर्तव्याचा खर्च भागवितो. ही साखळी जेथे टिकते तेथे पाहुण्याची पारध वनाच्या उपयोगी पडते. जेथे पाहुणे गमावण्याच्या भीतीने हरणांची दाटी मुद्दाम राखली जाते, तेथे ती साखळी तुटते आणि ‘व्यवस्थापन’ हा शब्द केवळ सबब म्हणून उरतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, इंग्लंडमधील पायी पारध ही नाहीशा झालेल्या शिकारी प्राण्यांच्या जागी माणसाने पत्करलेली भूमिका आहे; ती भूमिका ऐच्छिक छंदावर सोपविली गेल्याने तिच्यात मूलभूत ताण आहे. दुसरी, लांडगा शिंगांची प्रत पाहत नाही, पाहुणा पाहतो. हे अंतर भरून काढण्याचे काम मार्गदर्शकास करावे लागते. म्हणून त्याचे कौशल्य हरणाजवळ पोहोचण्यात जेवढे आहे, तेवढेच पैसे मोजणाऱ्या पाहुण्यास ‘नाही’ म्हणण्यात आहे. तिसरी, एखाद्या जमिनीवरील पारधीचे मूल्यमापन भिंतीवरील शिंगांवरून करता येत नाही. ते हिवाळ्यातील माद्यांच्या नोंदवहीवरून आणि वनात उगवणाऱ्या रोपट्यांवरूनच करावे लागते.

भारतीय संदर्भात या पद्धतीचे अनुकरण सुचविण्याचा येथे हेतू नाही. येथील कायदा, परिसंस्था व समाजस्थिती वेगळी आहे. परंतु इंग्लंडचा अनुभव एक गोष्ट निश्चित सांगतो. निसर्गसाखळीतील शिकारी प्राणी एकदा नष्ट झाला, की त्याचे काम करण्यासाठी माणसाला कायदे, परवाने, प्रशिक्षण, बाजारपेठ आणि हिवाळ्यातील असंख्य पहाटा खर्ची घालाव्या लागतात. आणि तरीही ते काम पुरते होत नाही. ज्या देशात वाघ, बिबट्या व रानकुत्रे अद्याप हे काम विनामूल्य करीत आहेत, त्या देशाने त्यांच्या अस्तित्वाचे मोल ओळखणे आवश्यक आहे.